सात नंबरचा माणूस अठरा नंबरवर

मामा, परवा तुमच्या शोकसभेत मी लोकांना पोट धरून हसायला लावलं. शोकसभेत असं करू नये हे मला कळतं, पण तुमच्याबद्दल गंभीर चेहऱ्यानं बोलायचं म्हटलं की माझी जीभ अडखळते. माझ्या आधी नवे सुपरिंटेंडेंट साहेब बोलले. इस्माईलमामा म्हणजे पुरुषांच्या वॉर्डाचे आधारस्तंभ होते, असं त्यांनी कागदावरून वाचून दाखवलं. तुम्ही असतात तर मला कोपरानं ढोसून विचारलं असतंत, "ह्यो साहेब कवा आला गं हितं? मला कदी बगितलंय का ह्येनं?" त्यांनी तुम्हाला बघितलेलं नाही. तुम्ही निवृत्त झाल्यावर ते आले.

मग ते म्हणाले, एवढ्या वर्षांच्या नोकरीत मामांच्या हातून एकच चूक झाली आणि तीही भोळेपणामुळं. त्याबरोबर सगळ्या माना माझ्याकडे वळल्या, कारण ती चूक सांगायचं काम कित्येक वर्षं माझ्याकडेच आहे. मी उठले आणि सांगितली. व्याह्याकडचे पाय, विटांची मिरवणूक, जावयाचं रक्त, सगळं साग्रसंगीत. तुमचा रफीक डोळे पुसत पुसत हसत होता. शेवटही नेहमीचाच केला: "सगळ्या वॉर्डाची व्यवस्था मामांनी लावली, फक्त सिस्टरला सांगायचं तेवढं विसरले." लोकांना बरं वाटलं. मी खाली बसले, आणि पुढ्यात आलेला चहा तसाच ठेवला.

कारण ते शेवटचं वाक्य खोटं आहे. ते तुम्हाला माहीत होतं आणि मला माहीत होतं. आता माहीत असलेली मी एकटीच उरले. तुमच्या नावावर एक चूक चिकटली आहे आणि ती माझी आहे. म्हणून ही गोष्ट एकदा खरी खरी सांगायची आहे, आणि ती आधी तुम्हालाच सांगते. तुम्ही मध्ये बोलणार नाही याचं फार वाईट वाटतं. इतक्या वर्षांत तुम्ही माझं एक वाक्य सुखानं पुरं होऊ दिलं नव्हतं.

तुम्हाला मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा आपण भांडलोच. बायकांच्या वॉर्डातून माझी बदली पुरुषांच्या वॉर्डात झाली होती. दुपारी दोन ते रात्री नऊ अशी माझी ड्यूटी. मी तेवीस वर्षांची, परीक्षेत पहिली आलेली, आणि डोक्यावरची टोपी सरळ असली की सगळं जग सरळ चालतं अशी माझी समजूत. तुम्ही चाळिशीचे, मिशीला तेल लावून आलेले. दोन रांगांच्या मधोमध उभे राहून एका पेशंटच्या थोरल्या भावाला चादर कशी अंथरायची ते शिकवत होतात. मी म्हटलं, हे वॉर्डबॉयचं काम आहे. तुम्ही म्हणालात, "माझंच हाय की. पर ह्येचा भाऊ घरी गेल्यावर मी जाऊ काय रोज चादर घालाय?" मग मी तुम्हाला उशिरा आल्याबद्दल बोलले. तुम्ही सकाळी सहापासून आलेला होतात.

आपलं जमणार नाही हे दोघांनाही त्याच दिवशी कळलं आणि तरी जमलं. नंतर आपण कशावरून भांडलो नाही? खिडक्या उघड्या ठेवायच्या की बंद. चहात साखर किती. पेशंटला पेशंट म्हणायचं की पावणं. तुमच्या लेखी वॉर्डात आलेला प्रत्येक माणूस पावणा होता. त्याला गाव विचारायचं, गावातली माणसं विचारायची, कुठंतरी धागा जुळेपर्यंत सोडायचं नाही. कोडोलीचा निघाला तर कोडोलीत तुमचा मावसभाऊ असायचा. मलकापूरचा निघाला तर मलकापुरात तुम्ही कधीतरी उरुसाला गेलेले असायचात. मला वाटायचं हा माणूस कामचुकार आहे आणि गप्पांमध्ये वेळ काढतो. पुढं कळलं की डॉक्टरांना तीन दिवसांत न सापडणारी गोष्ट तुम्हाला या गप्पांत सापडायची, म्हणजे पेशंट घरून आणलेला ठेचा गुपचूप खातो आहे वगैरे.

तर सात नंबरच्या कॉटवर ज्ञानूआबा होते. मलकापूरकडचे, साठीचे, पोटात अल्सर, दुधावर आणि पेजेवर ठेवलेले. मी यायच्या आदल्या दिवशी सातच्या बरोबर समोर, पलीकडच्या रांगेत एकोणीस नंबरवर, दम्यासाठी कोडोलीचे हिंदुराव दाखल झाले. ज्ञानूआबांची धाकटी लेक हिंदुरावांच्या थोरल्या मुलाला दिलेली. लग्नाला वर्षही झालेलं नव्हतं. दोघांनीही आपापला आजार एकमेकांपासून लपवला होता, आणि आता दोघेही सरकारी पायजमे घालून एकमेकांसमोर.

आपल्या वॉर्डाची रचना अशी की दोन्ही रांगांची डोकी भिंतीकडे आणि पाय मधल्या वाटेकडे. म्हणजे आबा आडवे झाले की त्यांचे तळवे थेट व्याह्यांच्या तोंडाकडे. मुलीचा बाप तो. मुलाच्या बापाकडे पाय करून झोपायचं कसं? आबा दिवसभर मांडी घालून बसून राहिले. पोटात कळ आली तरी बसून. हिंदुराव आपले ऐसपैस पाय पसरून म्हणत होते, "पावणं, पडा की वाईच." आबा म्हणत होते, "न्हाय न्हाय, बसून लई बरं वाटतंय." संध्याकाळी कोडोलीच्या बायका हिंदुरावांना भेटायला आल्या तेव्हा आबा कॉटवरून उतरून थेट भिंतीला टेकून उभे राहिले. ही माहिती तुमचीच. मी तेव्हा बायकांच्या वॉर्डात होते.

तुम्हाला ते बघवलं नाही. हिंदुरावांच्या शेजारी अठरा नंबरवर मल्लाप्पा होता, सीमेकडचा, कसबा बावड्याच्या साखर कारखान्यात कामाला, सगळ्या नर्सांना अक्का म्हणणारा. त्याच्या पायाच्या शिरेत रक्ताची गाठ झाली होती. पाय उंच राहावेत म्हणून त्याच्या कॉटच्या पायथ्याला विटा लावलेल्या होत्या, आणि संध्याकाळी सहा वाजता त्याला रक्त पातळ करायची गोळी होती. ती गोळी इवलीशी असते, पण तिच्याइतकी कटकटी गोळी दुसरी नाही. कमी पडली तर रक्ताची गाठ, जास्त पडली तर रक्त थांबत नाही. अल्सरच्या माणसाला तर ती चुकूनही द्यायची नसते.

तुम्ही मल्लाप्पाला विचारलं, सातवर जातोस काय? सातवर पंखा होता. तो म्हणाला, "पंखा फिरतोय न्हवं? मग चला." झालं. आबा गेले अठरावर, व्याह्यांच्या शेजारी, मांडीला मांडी लावल्यासारखे, आता पाय कुठंही करा. मल्लाप्पा सातवर. पाय खाली टेकायचा नाही म्हणून तुम्ही त्याला ट्रॉलीवरून नेलं आणि मागून विटा. पण मोठ्या सिस्टर कडक, नाकावर माशी बसू न देणाऱ्या. सकाळच्या राउंडला ज्याचा तो ज्याच्या त्याच्या कॉटवर दिसला पाहिजे. म्हणून तुम्ही सकाळी सातला दोघांना परत जागेवर न्यायचात आणि बारा वाजता राउंड संपला की पुन्हा अदलाबदल. रोज दोन वेळा ट्रॉली, दोन वेळा विटा, तांब्या, उशी, आबांची तंबाखूची लपवलेली पुडीसुद्धा. एका गोष्टीला मात्र तुम्ही हात लावला नाहीत, आणि ती म्हणजे कॉटच्या पायथ्याला अडकवलेले केसपेपर. कागदाला वॉर्डबॉयनं शिवायचं नाही, हा मोठ्या सिस्टरांचा नियम होता. वॉर्डातले सगळे नियम तुम्ही मोडलेत आणि हा एक पाळलात.

आणि म्हणूनच तुम्ही मला सांगितलंत.

त्या पहिल्या दिवशी, आपलं भांडण होऊन पाव तास झाला असेल. मी सिस्टरांच्या खोलीत बसले होते. एका हातात पाव, दुसऱ्या हातात घरून आलेलं पत्र. कराडकडच्या एका स्थळाचा होकार आला होता आणि त्यांचं म्हणणं असं की नोकरी चालेल. हे वाक्य मी तिसऱ्यांदा वाचत होते. तुम्ही दारात उभे राहिलात आणि म्हणालात, "सिस्टरबाई, सात नंबरचा माणूस अठरा नंबरवर हाय, आन् अठराचा सातवर. कागद जागच्या जागी हायत. गोळ्या देताना तेवडं बगा." मी म्हटलं, "बरं, बघते." तुम्ही विचारलंत, "ध्यानात ऱ्हाईल न्हवं?" मी वर न बघता म्हटलं, "सांगितलं ना, बघते."

आणि सहा वाजता गोळ्यांचा ट्रे घेऊन मी निघाले तेव्हा ते माझ्या डोक्यातून साफ गेलं होतं. माणसं मला नवी, तोंडं मला नवी. मी कॉटचा नंबर बघत होते, कागद वाचत होते आणि गोळी देत होते. विटा सातच्या कॉटखाली होत्या आणि पाय उंच ठेवायचा हुकूम अठराच्या कागदावर होता. एवढ्या मोठ्या विटा मला दिसल्या नाहीत. आठ दिवस दिसल्या नाहीत.

मल्लाप्पाला अल्सरची चघळायची गोळी मिळू लागली, पेपरमिंटच्या वासाची. तो खूश. साखर कारखान्यातला माणूस, गोडाची सवय. म्हणाला, "अक्का, ही नवी गोळी ब्येस हाय की. आनखीन एक मिळंल काय?" मी त्याला औषध म्हणजे खाऊ नव्हे यावर लहानसं व्याख्यान दिलं. इकडे आबा रक्त पातळ करायची गोळी मुकाट गिळत होते. आपल्याला चघळायची गोळी होती, ही गिळायची कशी, असा प्रश्न त्यांना पडला होता, हे त्यांनीच नंतर सांगितलं. पण व्याही शेजारी. व्याह्यांसमोर औषधावरून सिस्टरशी हुज्जत घालणारा माणूस दिसायला बरा नाही.

आणि यातली सगळ्यात भयंकर गंमत अशी की रक्त तपासायला नेणारा लॅबचा माणूस सकाळी यायचा, तेव्हा सगळे आपापल्या जागेवर असायचे. तो मल्लाप्पाचंच रक्त नेई. मल्लाप्पाच्या पोटात पेपरमिंट, त्यामुळं रक्त पुन्हा घट्ट. डॉक्टर रिपोर्ट बघून म्हणत, गोळी पुरत नाही, वाढवा. गोळी वाढे आणि ती आबांना जाई. हा भाग मी नर्सिंगच्या वर्गात सांगते तेव्हा पोरी तोंडाला रुमाल लावतात. मीही हसते. मामा, ते एक म्हातारं माणूस मारायचं पक्कं यंत्र झालं होतं, आणि त्याची किल्ली मी रोज संध्याकाळी सहाला देत होते.

सातव्या दिवशी न्हावी आला. जावई भेटायला येणार म्हणून आबांनी दाढी करून घेतली. हनुवटीला वस्तरा लागला आणि ते रक्त दुपारपर्यंत थांबेना. आबांनी व्याह्यांना दिसू नये म्हणून गळ्याभोवती पंचा गुंडाळला आणि थंडी वाजतेय म्हणून सांगितलं. उन्हाळा होता. दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही त्यांचं भांडं बाहेर नेलंत आणि तसेच परत आलात. भांडं माझ्यासमोर धरलंत. डांबरासारखं काळं. पोटात रक्तस्राव चालू होता. मी भांड्याकडे बघत होते आणि तुम्ही माझ्याकडे. तुम्ही फार हळू आवाजात विचारलंत, "गोळ्या कुनाच्या कुनाला दिल्यास गं?" पहिल्यांदाच तुम्ही मला एकेरी हाक मारली होती.

पुढचं तुम्हीच केलंत. मी जागेवर खिळलेली. तुम्ही धावत जाऊन डॉक्टरांना आणलंत, सात-अठराची भानगड त्यांना दोन वाक्यांत सांगितलीत, स्वतः. मोठ्या सिस्टर काय म्हणतील याचा विचार न करता. आबांना इंजेक्शन दिलं, रक्त द्यावं लागणार म्हणून सांगितलं. जावई आलेलाच होता. त्याचा गट जुळला. तो बाही वर करून तयार, आणि आबांनी डोळे उघडून सांगितलं, "लेकीच्या घरचं पानी मी पीत न्हाय. जावयाचं रगात घिऊ व्हय?"

डॉक्टर म्हणाले, आबा, मराल. आबा म्हणाले, मरंन. हिंदुराव एकोणीसवरून उठले, दम्यानं धापा टाकत, आणि त्यांना राग आला तो भलताच. "म्हंजे? आमचं रगात काय वंगाळ हाय व्हय?" आता झालं, म्हटलं, सोयरीक मोडते. लेक दाराशी उभी, एकीकडे बाप मरतोय, दुसरीकडे सासरा रुसतोय, ती नुसती पदर तोंडात धरून रडत होती. मला तिच्याकडे बघवत नव्हतं. तिचा बाप माझ्या हातून जात होता आणि ते तिला माहीत नव्हतं.

तेव्हा तुम्ही पुढं झालात. "आबा, माझं चालंल काय? तुमची लेक काय माझ्या घरात दिल्याली न्हाय." आबांनी विचार केला. अंगात जीव नव्हता, पण विचार केला. म्हणाले, "तुझं चालतंय की." तुमचा गट जुळला. तुम्ही आडवे झालात आणि रक्त काढताना लॅबवाल्याला त्याचं गाव विचारत होतात. नंतर तुम्ही चहा मागितलात, साखर दुप्पट. त्या दिवशी मी साखरेवरून एक शब्द बोलले नाही.

आबा वाचले. मल्लाप्पाचा पाय पुन्हा सुजला, पण दोन आठवड्यांत सूज उतरली. त्याला गोळी परत बदलल्याचं वाईट वाटलं तेवढंच.

मग चौकशी. तेव्हाच्या सुपरिंटेंडेंट साहेबांच्या खोलीत तुम्ही, मी, मोठ्या सिस्टर. माझी नोकरी पक्की झालेली नव्हती. वडील नाहीत, पाठीवर दोन बहिणी, हे तुम्हाला माहीत होतं, कारण त्या आठ दिवसांत तुम्ही ते माझ्याकडून काढून घेतलं होतंत. साहेबांनी तुम्हाला विचारलं, कॉटा कुणाच्या परवानगीनं बदलल्या? तुम्ही म्हणालात, "माझ्याच." मग विचारलं, सिस्टरना सांगितलं होतं का?

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी खिडकीकडे बघितलं. खिडकीबाहेर काही नव्हतं, एक भिंत होती. मला दारातलं तुमचं वाक्य शब्दन् शब्द आठवत होतं. कागद जागच्या जागी हायत, तेवडं बगा. मी बोलायला हवं होतं. तोंड उघडायचं आणि 'हो, सांगितलं होतं' एवढंच म्हणायचं. मी मूग गिळून बसले.

"न्हाय साहेब," तुम्ही म्हणालात. "ध्यानातनं गेलं."

विटांचं कुणी विचारलं नाही. तुम्हाला वर्षभर धुलाईखात्यात धाडलं. मला समज दिली आणि पुढच्या महिन्यात पक्कं केलं.

मी तिसऱ्या दिवशी धुलाईखात्यात आले होते, आठवतं? वाफेत तुम्ही दिसत नव्हतात, मिशी तेवढी दिसत होती. मी म्हटलं, मामा, त्या दिवशी... तुम्ही मला पुढं बोलूच दिलं नाहीत. "हितं समदं ब्येस हाय. चादरीस्नी गाव इचारता येत न्हाय, एवडंच वाईट." मी हसले आणि परत आले. हसायला मिळालं म्हणून मला किती सुटल्यासारखं वाटलं, ते आज सांगायला लाज वाटते.

मग तुम्ही वॉर्डात परत आलात आणि ही गोष्ट हळूहळू विनोदी झाली. सुरुवात तुम्हीच केलीत, हे मात्र खरं. व्याह्यांच्या पायांची नक्कल तुमच्यासारखी कुणाला जमली नाही. शेवटी कपाळावर हात मारून म्हणायचात, "आन् मी सांगाय इसरलो की." सगळे हसायचे आणि तुम्ही माझ्याकडे न बघता चहा ओतायचात. मी माझ्या लग्नात ती गोष्ट तुमच्याकडून सांगून घेतली. ईदला शिरखुर्मा खाताना मामींनी ती सांगितली. मी हेड सिस्टर झाले, पुढं नर्सिंगच्या पोरींना शिकवायला लागले, आणि दरवर्षी नव्या तुकडीला पहिल्या आठवड्यात ती सांगू लागले. गोळी देण्याआधी माणसाचं नाव विचारा, गाव विचारा, नंबर वाचू नका. हा धडा बरोबर होता. पण धड्याचं नाव होतं, वॉर्डबॉयनं सिस्टरला न सांगितल्यामुळं काय होतं. मी तुमच्यावर हसणाऱ्या पोरींच्या किती तुकड्या तयार केल्या, मामा.

गेल्या महिन्यात छातीत दुखतं म्हणून तुम्हाला आपल्याच वॉर्डात आणलं आणि तीच रक्त पातळ करायची गोळी चालू केली. तुम्ही नव्या सिस्टरचा छळ मांडलात. ती गोळी घेऊन आली की तुम्ही तोंड मिटायचात. "आदी नाव इचार." ती म्हणायची, मामा, तुम्हाला कोण ओळखत नाही? "मी तुला वळखत न्हाय. इचार." बिचारीनं नाव विचारलं, तुम्ही सांगितलंत. गाव विचारलं, तर तुम्ही गाव, गल्ली, आजोळ, सासुरवाडी सगळं सांगत बसलात, आणि पुढचे सगळे पेशंट गोळीची वाट बघत राहिले. तिनं माझ्याकडे तक्रार केली. मी म्हटलं, नियम माझाच आहे, सहन कर.

त्या संध्याकाळी मी तुमच्याजवळ स्टूल ओढून बसले आणि शेवटी म्हटलं, "मामा, तुम्ही मला सांगितलं होतंत. मी ऐकलं होतं."

तुम्ही छताकडे बघत होतात. म्हणालात, "म्हाईत हाय की. पाव तुझ्या तोंडात हुता, कानात न्हवता."

मी म्हटलं, "मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"आबा जगला का न्हाय?"

"जगला."

"तुजी नोकरी ऱ्हायली का न्हाय?"

"राहिली."

"मग आता काय उकरतीयास?"

मी म्हटलं, तुमचं नाव खराब झालं त्याचं काय. तुम्ही तेव्हा मान वळवून बघितलंत आणि मिशीत हसलात. "माझं नाव तुझ्या वर्गात दरसाली निगतंय. तुजं निगतंय काय?"

मला वाटलं तुम्ही चेष्टा करताय. अजूनही मला कळत नाही ती चेष्टा होती की नाही. मी म्हटलं, मी सगळ्यांना खरं सांगणार आहे. तुम्ही म्हणालात, गोष्ट चांगली चाललीय, शेवट बिघडवू नकोस, पोरी हसतात. मी म्हटलं, नाही हसल्या तर नाही हसल्या. तुम्ही काहीतरी म्हणणार होतात, एक बोट वर केलं होतंत, आणि त्याच नव्या सिस्टरनं येऊन भेटायची वेळ संपल्याचं सांगितलं. मला, तिच्या शिक्षिकेला. मी उद्या येते म्हणून उठले. दुसऱ्या दिवशी आपलं नेहमीचंच बोलणं झालं, साखरेवरून. तिसऱ्या दिवशी मी आले नाही. चौथ्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर तुम्ही गेलात. ते वर केलेलं बोट कशासाठी होतं ते मला कधीच कळणार नाही. नको सांगूस, असं म्हणणार होतात की सांगच एकदा?

आणि शोकसभेत माझ्या हाती संधी होती, समोर मामी, रफीक, सगळा स्टाफ, आणि मी पुन्हा तोच शेवट केला. सवयीनं केला असं म्हणवेल, पण ती सवय नव्हती. मी घाबरले, तेवीस वर्षांची होते तेव्हा घाबरले तशीच. आता तर घाबरायला नोकरीचं कारणही नाही, दोन वर्षांनी मी निवृत्त होणार. माणसं मला मान देतात, तो कमी होईल, एवढ्याचीच भीती. तुमचा कमी झाला तेव्हा तुम्ही धुलाईखात्यात वाफ खात बसला होतात.

काल संध्याकाळी तुमच्या घरी जाऊन मामींना सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. निवडायच्या थांबल्या, मग पुन्हा निवडू लागल्या. म्हणाल्या, "त्या वर्सी त्येंचं हात सोलून निगालं हुतं सोड्यानं. मी रोज तेल लावायची." एवढंच म्हणाल्या. मला बोल लावला असता तर बरं झालं असतं. जाताना त्यांनी चहा दिला, मी घेतला.

आज सकाळी नव्या तुकडीचा वर्ग होता. मी गोष्ट सांगितली. तीच, तशीच. आबा मांडी घालून बसलेले, विटांची मिरवणूक, पेपरमिंटची गोळी, जावयाचं रक्त. पोरी सगळ्या ठरलेल्या जागी हसल्या. मी शेवटाशी आले आणि टेबलाला धरून उभी राहिले. म्हटलं, मामांनी सिस्टरना सांगितलं होतं. दारात उभं राहून, स्वच्छ शब्दांत, कागद जागेवर आहेत हेसुद्धा. सिस्टर बरं म्हणाल्या आणि विसरल्या. आठ दिवस त्यांना विटा दिसल्या नाहीत. चौकशीत त्या गप्प बसल्या आणि मामांनी शिक्षा भोगली.

शेवटच्या बाकावरची एक मुलगी, शाहूवाडीकडची, उभी राहिली. तिला खरोखरच प्रश्न पडला होता.

"बाई, मग त्या सिस्टरना काय झालं?"

मी म्हटलं, "त्यांना बढती मिळाली. मग तुम्हाला शिकवायला ठेवलं."

कुणी हसलं नाही, मामा.